मालकाचा पासवर्ड

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मगदूम सर आमच्याकडे आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पेन्शनचा फॉर्म १६ आणि बँकेच्या व्याजाचे दाखले. सर म्हणजे माझे आठवीचे गणिताचे मास्तर. दर जुलैत मी त्यांचं आयकराचं विवरणपत्र भरतो आणि दर जुलैत ते माझी बेरीज तपासतात.

माझं ऑफिस म्हणजे मिरजेतल्या आमच्या घराच्या हॉलचा एक कोपरा. तिथं एकच संगणक. सकाळी ९ ते ५ तो माझा असतो. त्यात ६० जणांचे हिशोब, जीएसटी, टॅली, सगळं. ५ ते ७ तो मुलाचा, चिनूचा. पुढं बायको त्यावर वीजबिल भरते आणि रात्री आई कीर्तन लावते. चार माणसं एका संगणकावर गुण्यागोविंदानं नांदत होती. म्हणजे तसा माझा समज होता.

मी सरांचा पॅन नंबर टाकत होतो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून टिंग करून एक चौकट वर आली. ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत.’ मी ती घालवली. दुसरी आली. अभिनंदन, मी फोन जिंकलो होतो. तोही घालवला. तिसऱ्या चौकटीत एक बाई होत्या. त्या आमच्यापासून अवघ्या २ किलोमीटरवर राहत होत्या, एकट्या होत्या आणि गप्पा मारायला उत्सुक होत्या. पावसाळा असूनही त्यांच्या अंगावर फारसं काही नव्हतं.

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला. पुन्हा घातला. बाई अजून तिथंच होत्या.

“व्याजाच्या वजावटीचं, ८०-टीटीबीचं आधी बघू या,” सर म्हणाले.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. मी पडद्यासमोर छाती पुढं काढून असा उभा राहिलो, की आईला वाटलं राष्ट्रगीत लागलंय.

संध्याकाळी घरात चौकशी आयोग बसला. आरोपी चिन्मय, वय ११. बचाव पक्षाच्या वकील त्याच्या मातोश्री. पहिला जबाब नेहमीचा: “मी काही केलं नाही. ते आपोआप आलं.” दुसरा जबाब, “मी फक्त एकदाच दाबलं.” तिसरा जबाब जेवणानंतर, वरणभाताच्या प्रभावाखाली मिळाला.

झालं होतं असं. चिनू माइनक्राफ्ट खेळतो. त्यात सगळं जग ठोकळ्यांचं असतं: झाडं ठोकळ्यांची, डुकरं ठोकळ्यांची, पाणीही ठोकळ्यांचं. पण वर्गातल्या एका मुलानं त्याला सांगितलं, की एक मॉड, म्हणजे खेळाचं रूप बदलणारी जोडफाईल, टाकला की पाणी अगदी खऱ्यासारखं चकाकतं. खिडकीबाहेर चार दिवस पाऊस कोसळत होता, कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढत होती, आणि आमचा कुलदीपक खरं दिसणारं पाणी फुकट कुठं मिळतं ते शोधत होता. तसं ते देणारी एक साइट मिळाली. साइटनं अट घातली, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’ तो रोबो नव्हता, त्यानं प्रामाणिकपणे दाबलं. त्या एका अलाऊनं साइटला आमच्या पडद्यावर हवं तेव्हा चौकटी पाठवायची परवानगी मिळाली. बाई आल्या त्या त्या दारानं.

हे दुखणं साधं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, बाई गेल्या. (कोण म्हणतं मला संगणकातलं कळत नाही?) पण चिनूनं फाईलही उतरवली होती. तिच्यासाठी मला संगणक मोटरसायकलवर, बायकोच्या मांडीत, पोत्यात गुंडाळून इम्रानकडे न्यावा लागला.

इम्रानचं दुकान सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याचे आजोबा सतारीसाठी भोपळे निवडायचे. हा मदरबोर्डवरची धूळ झाडतो. पण घराणं लपत नाही. संगणक चालू केला, की तो आधी पंख्याला कान लावतो.

“बेसूर आहे,” तो म्हणाला. “काम नसताना पळतोय. आत कुणीतरी आहे.”

त्यानं डाउनलोडचा कप्पा उघडला. फाईलच्या नावाशेवटी ‘जार’ होतं. मॉड जारच असतात, असं चिनूनं मागून शास्त्रोक्त सांगितलं. इम्राननं कुठलीशी खूण केली आणि नावापुढं आणखी एक शेपूट उगवलं: डॉट इएक्सई. म्हणजे मॉड नव्हेच, थेट चालणारा प्रोग्राम. विंडोज ही शेपटं मुळातच झाकून ठेवतं, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून. मला हे फार लागलं. आमच्याकडे दारात माणूस आला की पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारतात. आडनावावरून गाव, गावावरून पाहुणे, आणि मग बसा. इथं इतकी वर्षं हे यंत्र येणाऱ्याजाणाऱ्याची आडनावं झाकून त्यांना घरात घेत होतं आणि मला पत्ता नाही!

“पण मग संगणकानं विचारलं नाही का?” बायकोनं विचारलं.

“विचारलं की वहिनी. ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असं विचारतो तो. पण बाळ साहेबांच्याच खात्यावर खेळत होता. साहेब तिथं मालक. मालकाला पासवर्ड मागत नाही, नुसतं ‘हो’ म्हटलं की झालं. तुम्ही तिजोरीची किल्ली खेळण्याच्या डब्यात टाकली होती.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. खटला त्या क्षणी माझ्याकडे वर्ग झाला.

इम्रानला बोलायला गिऱ्हाईक लागतं. हार्ड डिस्क पुसली जात होती तोवर त्यानं मला बरंच शहाणं केलं. असल्या फाईली ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, म्हणून सगळे पासवर्ड बदला. पण या संगणकावरून नको, फोनवरून. चोर माळ्यावर बसलेला असताना कुलूप बदलून काय उपयोग? पैसे गेले असते तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. गेले नव्हते, माझ्या खात्यात चोरानं दमून जावं एवढं काही नसतं. आणि चांगल्या ठिकाणाहून घेतलं म्हणजे निवांत, असंही नाही म्हणे. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडचं जे मोठं, नावाजलेलं भांडार आहे, त्यातल्याच काही मॉडमध्ये असला चोर निघाला होता.

मग त्यानं मिराईची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या तीन तरुण पोरांना माइनक्राफ्टच्या सर्व्हरच्या धंद्यात रस होता. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर बंद पाडला की गिऱ्हाईक आपल्याकडे, एवढा सरळ हिशोब. त्यासाठी त्यांनी मिराई नावाचा एक प्रोग्राम लिहिला. तो जगभरच्या घरांतले कॅमेरे आणि राउटर शोधायचा, कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा आणि उघडेल त्याला, सगळ्यांनी मिळून एकाच सर्व्हरवर तुटून पडायच्या चाकरीला जुंपायचा. पुढं तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये एके दिवशी अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट आडव्या झाल्या. २०१७ च्या डिसेंबरात त्या तिघांच्या कबुलीजबाबाची बातमी बाहेर आली.

चिनू कौतुकानं ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतली चमक बघून मी म्हणालो, “त्यांना शिक्षा झाली बरं का.”

“पण त्यांना सगळ्यांच्या घरात कसं जाता आलं?”

“लोक पासवर्डच बदलत नाहीत,” इम्रान म्हणाला. “अ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिन.”

मी तातडीनं बाहेर जाऊन मोटरसायकलची हवा तपासली. घरी आल्यावर कुणाचं लक्ष नाहीसं बघून राउटर उलटा केला. खालच्या चिकटपट्टीवर छापलं होतं: अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. दारावरच्या कॅमेऱ्याचंही तेच. आमच्या दाराचा कॅमेरा चार वर्षं कुणाच्या नोकरीत होता कोण जाणे.

आता मी किल्ला बांधायला घेतला. संगणकात चार खाती केली. ऑफिस, घरचे, चिनू आणि मालक. पहिली तिन्ही साधी, रयतेची. नवीन काहीही टाकायचं तर मालकाचा पासवर्ड लागणार. हिशोबांची प्रत रोज रात्री पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह काढून कपाटात. चिनूच्या खात्याला दिवसाला दीड तासाची मर्यादा. ‘मालक’ हे नाव बघून बायको दोन दिवस तिरकं बोलत होती (“मालक, दूध उतू गेलं”), पण ते चालायचंच.

वेळमर्यादेची एक गोम मला कुणी सांगितली नव्हती. वेळ संपली की मूल जादा वेळ मागू शकतं आणि तो अर्ज बापाच्या फोनवर येतो. मी एका अशिलाच्या वडिलांच्या तेराव्याला बसलो होतो. गुरुजी गरुडपुराणातलं नरकांचं वर्णन सांगत होते. खिशात टिंग झालं. ‘चिनूला आणखी ३० मिनिटं हवी आहेत.’ नाही म्हटलं. टिंग. पुन्हा नाही. टिंग. शेजारचे आजोबा म्हणाले, “द्या हो त्याला. कुणाला किती मिनिटं उरलीत, कोण सांगावं?” दिली.

मालकाचा पासवर्ड मात्र मी भक्कम केला होता. १६ अक्षरं, मध्ये आकडे, उद्गारचिन्ह, सगळं. तो इतका भक्कम होता, की तिसऱ्या दिवशी मलाही उघडेना. सुदैवानं बायकोनं तो लिहून ठेवला होता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, ‘सिलेंडर आला’च्या खाली, ‘दूध अर्धा लिटर जादा’च्या वर. भिंतीवर, फोडणी उडेल अशा उंचीवर. चिनूला त्यासाठी स्टूलसुद्धा लागलं नसणार. नंतर बघितलं तर त्याच्या खात्यात पाणी झक्क चकाकत होतं. मॉड खरा होता, जारच होता, आणि आडनाव बघून घेतला होता, हे त्यानं अभिमानानं दाखवलं.

मग मी ठरवलं, पोराच्या गेमच्या खात्याचाच पासवर्ड बदलायचा. बदलताना खात्याची माहिती उघडली. खातेदाराचं नाव क्रीपरकिलर. जन्मवर्ष १९५१.

“खरं वय टाकलं की आई-बाबांची परवानगी मागतात,” चिनू म्हणाला. “म्हणून आजीचं टाकलं. फोन नंबरपण आजीचाच.”

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना लहान मूल ठरवलंय आणि पालकांची संमती घ्यायला सांगितलीय. आमच्या मुलानं तो कायदा पाळायला थेट पालकांचे पालक उभे केले होते. कागदोपत्री माझी आई रोज संध्याकाळी दीड तास राक्षस मारत होती.

बदलाचा कोड साहजिकच आईच्या फोनवर गेला. आई देवघरात वाती वळत होती.

“आई, मेसेज आलाय बघ. सहा आकडे सांग.”

आईनं फोन घेतला, चष्मा लावला, मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

“हा ओटीपी आहे,” ती म्हणाली. “कुणालाही सांगायचा नाही.”

“अगं, मी सांगतोय. तुझा मुलगा.”

“ते लोक असंच सांगतात. बँकेतल्या साहेबांनी बजावून सांगितलंय, अगदी घरचा म्हणून बोलला तरी द्यायचा नाही.”

“मी समोर उभा आहे!”

“असशील,” आई म्हणाली आणि पुढची वात घेतली. चिनूनं लाडीगोडी लावून बघितलं. त्यालाही नाही. बायकोनं बघितलं. नाही. दहा मिनिटांनी कोड बाद झाला.

त्या रात्री आम्हा दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदा पाच मिनिटांत एकमत झालं. मालकाचा पासवर्ड नवा केला, चिठ्ठीवर लिहिला आणि आईकडे दिला. तिनं तो कुंकवाच्या करंड्यात ठेवला. तेव्हापासून घर शांत होतं. चिनूला काही टाकायचं असलं की आजीकडे जायचं, फाईलचं आडनाव सांगायचं, पाढे म्हणायचे, मग ती स्वतः येऊन एकेक कळ शोधत पासवर्ड टाकणार. सतरावा पाढा म्हणण्यापेक्षा ठोकळ्यांचं पाणी बरं, असं त्याचं मत होत चाललं होतं.

३१ जुलैला रात्री पावणेअकरा वाजता मगदूम सरांचं विवरणपत्र शेवटी माझ्या हातात आलं; सरांना बेरजेत ४० रुपयांचा फरक सापडला होता. दुरुस्त करून ते छापायला घेतलं तर प्रिंटरनं असहकार पुकारला. नवा ड्रायव्हर टाकायला हवा. पडद्यावर चौकट आली: मालकाचा पासवर्ड द्या.

मी आईच्या खोलीचं दार हळूच वाजवलं.

“कोण?”

“मी, आई. पासवर्ड हवा होता.”

आत दिवा लागला नाही. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“आवाज काढून बोलतात म्हणे हल्ली,” आई आतून म्हणाली. “सोलापूरच्या आत्याचं माहेरचं नाव काय?”

“कुसुम!”

“ते सासरचं,” आई म्हणाली. “सकाळी ये.”