बिल उतरवणारी डबी आणि तिच्या आडून पसरलेला अपप्रचार

तासगावला राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या महिन्यात १,४०० रुपयांना एक डबी विकत घेतली आणि स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये लावून ठेवली. डबीवर हिरवा दिवा लागतो. त्यापलीकडे ती काहीही करीत नाही. ज्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशामुळे ही खरेदी झाली, तो आमच्या भावकीच्या गटातून सांगलीत माझ्यापर्यंतही तीनदा आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वीज कंपनीचे बचतीचे कार्यक्रम हा बनाव आहे, एलईडी आणि स्टारवाल्या पंख्यांनी काही वाचत नाही, स्टारचे निकष बदलतात ते जुन्या वस्तू भंगारात घालायला लावण्यासाठी, दिवसाच्या वापरावरची सवलत हा सापळा आहे, आणि लोकांनी वीज वाचवली की कंपनी दर वाढवते. शेवटी उपाय म्हणून बिल ४० टक्क्यांनी उतरवणारी ही डबी आणि एक फोन क्रमांक. पर्दाफाश करणाराच दुकान मांडून बसला आहे, हे गटातल्या एकाच्याही लक्षात येऊ नये?

पैसे डबीत गेले, म्हणून आधी डबीचेच पाहू. मी ती उघडली. आत एक कपॅसिटर, दोन-चार किरकोळ सुटे भाग आणि तो दिवा निघाला. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, सुधारतो, हे खरे आहे. राज्यातल्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामी न आलेला हिस्साही मोजून, बिल येते, त्यामुळे कुपवाडच्या मोठ्या कारखानदाराला कपॅसिटरचा फायदा रुपयांत दिसतो. शेतीपंपाला कपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे आणि तेही योग्यच आहे, कारण त्यामुळे वाहिनीवरचा आणि रोहित्रावरचा भार हलका होतो. संदेशाने नेमके हेच अर्धसत्य उचलले आहे. घरगुती बिल मात्र किलोवॅट-तासांवर, म्हणजे प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांवर निघते, आणि त्या आकड्याला कपॅसिटर हात लावू शकत नाही.

आत्याला हे पटेना, तेव्हा मीटरलाच विचारले. तिच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे छापलेले आहे, म्हणजे एका युनिटमागे तांबडा ठिपका ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त माजघरातला जुना पंखा चालू ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटे मोजले : २० वेळा. मग डबी लावून पुन्हा मोजले : २० वेळा. त्यानंतर आतेभावाच्या खोलीतला नवा बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढा एकटा चालवला, तेव्हा ठिपका ८ वेळा लुकलुकला. स्टारवाल्या पंख्याने काही वाचत नाही, या मुद्द्याचे उत्तर त्याच पंधरा मिनिटांत मिळाले.

संदेशातली सर्वांत घातक ओळ मात्र तळाशी आहे. डबी मीटरच्या आधीच्या तारेला जोडल्यास ‘डबल फायदा’ होतो, असे तिथे लिहिले आहे. मीटरच्या आधीची तार सदैव जिवंत असते. घरातला मेन स्विच बंद केला तरी तिच्यातला प्रवाह तुटत नाही, आणि तिथे हात घालायचा म्हणजे सील तोडणे आले. मीटरशी छेडछाड विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीत मोडते आणि त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आत्याने वायरमनला बोलावण्याचे ठरवले होते. तो त्या दिवशी आला नाही, हे तिचे नशीब.

एलईडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून थोडे जास्तच वाचतात. हे सातवीतले गणित आहे. स्टारचे निकष बदलतात, हेही खरे. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले आणि कालचा पाच स्टारचा एसी चारवर आला, पण त्यामुळे तो जास्त वीज खाऊ लागला नाही. यंत्रे सुधारली की मोजपट्टी सरकवावीच लागते, नाहीतर सगळ्यांनाच पाच स्टार द्यावे लागतील.

दिवसाच्या सवलतीला सापळा म्हणणाऱ्याने केंद्राचे २०२३ चे सुधारित ग्राहक हक्क नियम वाचलेले नाहीत. सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौरवीज मिळते त्या वेळेतला, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावा, असे त्यांत आहे. त्याच नियमांत कमाल मागणीच्या वेळी घरगुती दर किमान १० टक्के जास्त ठेवायलाही सांगितले आहे, आणि संध्याकाळीच घरी परतणाऱ्या नोकरदाराला ते झोंबेल, हे मान्य. संध्याकाळची वीज महाग का, हे मात्र आपल्या भागात तरी समजावून सांगावे लागू नये. संध्याकाळी सौरवीज मावळते, तेव्हा कोयनेचे जनित्र फिरवावे लागते, आणि कोयनेला पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मिती करण्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच पाणी मिळते.

राहिला दरवाढीचा मुद्दा, आणि येथे नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. तारा, रोहित्रे आणि दीर्घ मुदतीचे वीजकरार यांचा स्थिर खर्च युनिटे घटली तरी घटत नाही, आणि बचतीच्या कार्यक्रमांचा खर्चही अखेर दरातूनच वसूल होतो. पण ही शंका संदेश लिहिणाऱ्याच्या कितीतरी आधी राज्य वीज नियामक आयोगाला आली होती. मागणी व्यवस्थापनाविषयी, म्हणजे अशाच बचतीच्या कार्यक्रमांविषयी, आयोगाने २०१० साली केलेल्या विनियमांनीच प्रत्येक कार्यक्रमाची किफायत तपासण्याची आणि भाग न घेणाऱ्या ग्राहकाच्या दरावर त्याचा काय परिणाम होईल, हेही पाहण्याची अट घातली होती. ज्याला कार्यक्रमावर शंका आहे, त्याने तो हिशेब मागावा. कार्यक्रम वेळोवेळी नव्याने आखले जातात, तेव्हा तो मागायलाच हवा, कारण दहा वर्षांपूर्वी एलईडी वाटणे शहाणपणाचे होते म्हणून आजही तेवढ्यावर थांबणे शहाणपणाचे ठरत नाही.

संदेशातल्या क्रमांकावर मी स्वतः फोन केला. दोन डब्या घेतल्यास दोनशे रुपये सूट मिळेल, असे पलीकडच्याने सांगितले. मीटरवरचा ठिपका मोजून पाहिल्याचे मी सांगितले, तसा फोन कट झाला, आणि त्यानंतर तो लागलेला नाही.