बिझनेसची पदवी आहे आणि अकाउंट्समध्ये यायचंय? आधी एक महिना बंद करून बघा

सर्वसाधारण बिझनेस पदवी झालेल्या मुलामुलींना अकाउंट्समध्ये यायचं असलं, की पहिला सल्ला मिळतो तो 'आणखी एक डिग्री कर' असा. मला तो पटत नाही. मार्केटिंग, मनुष्यबळ, अर्थशास्त्र, थोडं फायनान्स शिकलेल्याला धंदा कसा चालतो हे कळत असतं. त्याने केलेलं नसतं ते एवढंच, की पहिल्या व्हाउचरपासून (व्यवहाराच्या पावतीपासून) ताळेबंदापर्यंत अख्खा महिना स्वतःच्या हाताने बंद करणं, म्हणजे त्या महिन्याचा सगळा हिशेब पुरा करणं. मुलाखतीत गाडी अडते तीही तिथेच.

हे घरी बसून शिकता येतं. एक छोटा धंदा कल्पा आणि त्याचे तीन महिन्यांचे साठेक व्यवहार लिहून काढा. भांडवल, उधार खरेदी-विक्री, पगार, एखादं यंत्र, वर्षाचा विमा. रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंद), खतावणी (खात्यांनुसार मांडणी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, जिच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात), मग नफा-तोटा आणि ताळेबंद. पहिला महिना सॉफ्टवेअरशिवायच करा. सॉफ्टवेअर नावे-जमा जुळल्याशिवाय एन्ट्री घेतच नाही, म्हणून तेरीज कायम जुळलेली दिसते आणि आपण निर्धास्त होतो. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्याच खात्यात टाकला तरी तेरीज जुळते, नफा मात्र फुगतो. विम्याचे १२,००० एकदम पहिल्या महिन्यात खर्ची टाकले तर तो महिना विनाकारण पडेल दिसतो आणि पुढचे अकरा महिने खोटे चांगले. तिथे पूर्वदत्त (आगाऊ भरलेला) खर्च दाखवून दरमहा १,००० उतरवायचे असतात. हे एकदा हाताने केलं की व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ बँक जुळवणीला, म्हणजे आपली वही आणि बँक स्टेटमेंट यांतला फरक शोधायला द्या. समजा वहीत शिल्लक ४९,१५० आहे आणि बँक स्टेटमेंटवर ५२,१३०. फरक २,९८०. दिलेला ४,२०० चा चेक अजून वटलेला नाही, आणि भरलेले १,५०० बँकेत जमा व्हायचे आहेत. म्हणजे बँकेची खरी शिल्लक ४९,४३०. आता वहीकडे या. बँकेने ८० शुल्क कापलंय, त्याची एन्ट्रीच नाही. ती केल्यावर वही ४९,०७० वर येते. तरी ३६० उरतातच. ३६० ला ९ ने भाग जातो, आणि शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की पडणाऱ्या फरकाला ९ ने भाग जातोच, तेव्हा आधी अंकांची अदलाबदल शोधा. सापडतं ते असं: पुरवठादाराला दिलेले २,३७० वहीत २,७३० लिहिलेत. ही एक जुळवणी नीट समजावून सांगणारा उमेदवार 'अकाउंटिंगचं चांगलं ज्ञान' लिहिणाऱ्या दहा जणांच्या पुढे असतो. फरक जुळत नाही म्हणून 'किरकोळ खर्च' टाकून मोकळं व्हायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका. त्या ३६० च्या आड दोन मोठ्या, उलटसुलट चुका दडलेल्या असू शकतात.

एक्सेलमध्ये सम-इफ्स (अटीनुसार बेरीज), एक्सलूकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणं) आणि पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा) एवढं पक्कं हवं. लूकअप चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा फॉर्म्युल्यात नसतं. आकडे मजकूर म्हणून साठवलेले असतात किंवा नावाच्या शेवटी एक मोकळी जागा असते.

पहिली नोकरी बहुधा देणी (पुरवठादारांना द्यायचे पैसे) किंवा येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) विभागात मिळते. तिला कमी लेखू नका. देण्यांमध्ये पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि इन्व्हॉइस हे तिन्ही ताडून मगच पैसे सोडायचे. दुबार पेमेंट होतं ते बऱ्याचदा अगदी साध्या कारणाने. एकाने इन्व्हॉइस क्रमांक ०१४५ टाकलेला असतो, दुसऱ्याने १४५. सिस्टीमला ती दोन वेगळी बिलं वाटतात. क्रमांक कसा लिहायचा याचा नियम विचारून घ्या, आणि पेमेंटच्या आधी पुरवठादार, रक्कम, तारीख यांवर एकदा यादी गाळा. पण वर्षभर नुसती बिलंच चढवत राहिलात तर तिथेच अडकाल. सहा महिन्यांत महिनाअखेरचं एखादं काम मागून घ्या. अदत्त (झालेल्या पण अजून न दिलेल्या) खर्चाच्या नोंदी, घसारा (यंत्रासारख्या मालमत्तेची वापराने घटणारी किंमत दरवेळी थोडी खर्ची टाकणं), एखाद्या खात्याची जुळवणी, काहीही चालेल.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न: घसारा १०० ने वाढला तर नफा-तोटा, रोकड प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांवर काय होईल? कर बाजूला ठेवला तर नफा १०० ने घटतो. घसाऱ्यात प्रत्यक्ष पैसा बाहेर जात नाही, त्यामुळे रोकड प्रवाहात तेच १०० परत मिळवले जातात, म्हणून रोकड आहे तेवढीच राहते. ताळेबंदात एकीकडे मालमत्ता १०० ने कमी, दुसरीकडे मालकाचा निधी १०० ने कमी. कर धरला तर वाचलेल्या कराएवढी रोकड उलट वाढते. कागदावर चार-पाचदा मांडून बघा, तोंडी आपोआप येईल.

व्यावसायिक परीक्षेचा विचार असेल, तर फी भरायच्या आधी गुणपत्रिका आणि त्या संस्थेची विषययादी शेजारी ठेवा. वित्तीय लेखांकन, परिव्यय (कॉस्टिंग), कर, लेखापरीक्षण यांतलं काय झालंय आणि काय राहिलंय ते तिथेच कळतं. अनेकदा राहिलेले दोन-तीन विषय सुटे करता येतात, आणि काही पेपरांतून सूटही मिळते. ती सूट अर्ज करून मागावी लागते, म्हणून पदवीच्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आताच जपून ठेवा.