पडदा भरलाच पाहिजे

दिवाळीत त्रेचाळीस इंची टीव्ही घेतलात ना? हप्ते अजून चालू आहेत ना? मग जुना सिनेमा लावला की दोन्ही अंगांना ज्या काळ्या पट्ट्या येतात, त्या अजिबात खपवून घेऊ नका. मी टेप लावून मोजलंय. पडद्याची रुंदी साडेसदतीस इंच, त्यातले सव्वानऊ इंच नुसता काळोख. चार आणे टीव्ही बंदच विकलाय म्हणा ना. फ्लॅट घेताना कार्पेट आणि बिल्ट-अपच्या घोळात फसलात ते फसलात, निदान इथे तरी पैसे वसूल करा.

रिमोटवर त्यासाठी बटण असतं. एखादी कंपनी त्याला 'पिक्चर साइज' म्हणते, एखादी सेटिंगच्या पाचव्या पायरीवर लपवते. ते हुडकून 'फुल' करा आणि रिमोट फ्रिजवर ठेवा, म्हणजे पोरांचा हात पोचणार नाही.

आता रुंदी-उंचीच्या हिशेबात जुनं चित्र चारास तीन आणि तुमचा पडदा सोळास नऊ, त्यामुळे जे दिसेल ते आडवं तेहेतीस टक्के सुटणार. दीड फुटी खांदे दोन फुटी होणार. होऊ देत. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' लावून बघा. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा बघून आजवर तुम्हाला गलबलून यायचं ना? आता यायचं नाही. घरात दाणा नाही म्हणून आवली करवादतेय आणि तुकोबा नुकतेच तालमीतून आलेले. आवलीही तशी खात्यापित्या घरचीच दिसते. टाळ लंबगोल. शेवटी वैकुंठाला न्यायला येणारा गरुड तर एवढा पसरतो की त्याला उतरायला धावपट्टीच हवी.

क्रिकेटचा फायदा याहून मोठा. २५ जून १९८३, लॉर्ड्स, वेस्ट इंडीजविरुद्धची वर्ल्ड कप फायनल. सहा फूट आठ इंचांचा जोएल गार्नर प्रथमच प्रमाणात दिसतो आणि गावसकर जवळजवळ चौकोनी. ग्रिनिजने सोडून दिलेला संधूचा चेंडू आत कसा वळला, हे कोडंही सुटतं. तो अंड्याच्या आकाराचा होता!

माणसं सुटलेली बघवत नसतील तर 'झूम' आहे. यात कुणाचं वजन वाढत नाही, फक्त चित्राचा वरचा आणि खालचा एकेक अष्टमांश छाटला जातो. तुकोबांचं पागोटं जातं, तळाला धावा लिहिलेल्या असतील तर त्याही जातात. मॅच आपण जिंकलोय हे माहीतच आहे, धावा कशाला बघायच्या?

काही टीव्हींत याहून सरस सोय असते. मधला भाग जवळपास जसाच्या तसा ठेवून फक्त कडा ताणायच्या. कॅमेरा फिरला की माणूस डावीकडून गरगरीत येतो, मधोमध सडपातळ होतो आणि उजवीकडे जाईपर्यंत पुन्हा गरगरीत. डाएटवाल्यांनी हे जरूर बघावं.

एवढं करूनही कधी कधी चारही बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र येतं. तेव्हा समजा की चॅनेलने आपल्या पट्ट्या घातल्यात आणि सेट-टॉप बॉक्सने आपल्या. केबलवाल्याला फोन लावा. तो "बॉक्स बंद करून चालू करा" म्हणेल. करा बापडे. (भाचीने मोबाइल उभा धरून काढलेल्या बारशाच्या व्हिडिओवर मात्र उपाय नाही. तो एक तृतीयांश पडद्यालाही पुरत नाही, आणि ताणला तर पाळणा पलंगाएवढा होतो.)

मी स्वतः परवा एक चूक केली. बाबा 'तुकाराम' बघत होते, मला उगाच शुद्धतेचा झटका आला. फ्रिजवरचा रिमोट काढून चित्र चारास तीन केलं. टाळ गोल झाले, गरुड आटोपशीर झाला. बाबा चष्मा सारखा करत पुढे वाकले.

"अरे, काय केलंस हे? बघ, कसा खंगला बिचारा. परत कर आधी."

केलं.