आधी वजन विचारा

बालीत झिपलाइन (तारेला लटकून घसरत जायचं) आणि एटीव्ही (चिखलातून चालवायची चारचाकी मोटारसायकल) एकाच दिवसात उरका, असं तुमच्या बालीवरच्या लेखात म्हटलंय. आम्ही साताऱ्याचे चौघं जानेवारीत बालीला तेच करून बसलो. जानेवारी म्हणजे तिकडचा पावसाळा. यवतेश्वर घाटात रोज गाडी हाकणारा मी, पण बालीतल्या उबुड गावाच्या भातखाचरांत एटीव्ही चालवताना चिखल थेट कानात! मजा आली, खोटं कशाला बोलू. झिपलाइनला मात्र भाऊजींना काट्यावर उभं केलं आणि बाजूला बसवलं. वजनाची मर्यादा बुकिंगच्या वेळी कुणी बोललंच नव्हतं, पैसेही गेले. गाइडने हार्नेसचे पट्टे दोनदा ओढून पाहिले, तेवढं बरं वाटलं. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये एटीव्ही धरलंय का तेही बघा. आमच्यात नव्हतं, घरी आल्यावर कळलं. आणि हाफ पँट नको. सायलेन्सरचा डाग पोटरीवर अजून आहे.