रॅम वाढवली तरी फाइल अडतेच, ती का?

‘काँप्युटर अडखळतोय? रॅम दुप्पट करा, जास्त कोअरचा प्रोसेसर घ्या. सॉफ्टवेअर कसं बांधलंय याला आता महत्त्व नाही, हार्डवेअर स्वस्त झालंय, ते वाढत जाईल तसा वेग आपोआप वाढेल.’ हा मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतोय आणि लोक त्यावर विसंबून पैसे खर्च करताहेत. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी रॅम. मशिनला रॅम खरोखर कमी पडत असेल आणि सगळा भार डिस्कवर जात असेल, तर ती वाढवल्याने फरक पडतो, हे मान्य. पण प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर मेमरीचा पत्ता लिहायला त्याच्याकडे ३२ बिटच असतात. दोनाचा ३२वा घात म्हणजे ४ जीबी. त्यापुढच्या जागेला त्याच्या लेखी पत्ताच नाही. विंडोजवर तर तशी खास खूण करून बांधला नसेल, तर त्याला २ जीबीच मिळतात. मशिनमध्ये ८ जीबी असो की ३२, ही मर्यादा हलत नाही.

मग ६४ बिटचा प्रोग्राम का घेत नाहीत? एक्सेल ६४ बिटमध्ये २०१० पासून मिळतं, तरी कितीतरी ऑफिसं ३२ बिटवरच राहिली, कारण रोजच्या कामाचे जुने ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायचे छोटे प्रोग्राम, ३२ बिटचे होते. ३२ बिटचा तुकडा ६४ बिटच्या प्रोग्रामच्या पोटात चालत नाही. फोटोशॉपचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. २००८ मध्ये त्याची सीएस४ ही आवृत्ती विंडोजवर ६४ बिट झाली, मॅकवर नाही. मॅकचं फोटोशॉप ‘कार्बन’ या जुन्या पायावर उभं होतं आणि त्याची ६४ बिट आवृत्ती ॲपलने २००७ मध्ये रद्द केली. २००८ च्या मॅक प्रोमध्ये ३२ जीबी रॅम बसत होती, पण ती पुरती वापरायला फोटोशॉपचा पाया नव्याने बांधावा लागला. त्यासाठी २०१० च्या सीएस५ ची वाट पाहावी लागली.

दुसरा दावा कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांचा. कामं एकापाठोपाठ एकच होणार असतील तर बाकीचे कोअर नुसते बसून राहतात. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता: कामाचा १० टक्के भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने कारण शोधलं. सुमारे १० एमबीची, ६३ हजार वस्तूंची यादी वाचताना प्रत्येक नोंदीला उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. शिवाय प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिली जात होती. हे सगळं एकाच कोअरवर! या दोन गोष्टी सुधारल्यावर त्याच्या त्याच मशिनवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनेही मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती दिली.

‘हार्डवेअर वाढतंय, वेग आपोआप वाढेल’ हा तिसरा दावा २००४ पर्यंत बराचसा खरा होता. त्या वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ प्रोसेसरचा बेत सोडला, म्हणजे वेग पूर्वीसारखा आपोआप वाढणं थांबलं. तेव्हापासून मेमरीतून माहिती कशी आणता, यालाच जास्त वजन आलंय. प्रोसेसर रॅममधून साधारण ६४ बाइटचा तुकडा एकदम उचलतो. त्यात ४ बाइटच्या १६ संख्या मावतात. ओळीने मांडलेला मोठा तक्ता ओळीने वाचला तर सोळाही कामी येतात. स्तंभाने वाचला तर एक वापरायची आणि पंधरा वाया! बेरीज तीच, मशिन तेच, वेळ मात्र कितीतरी पट.

पैसे मोजण्याआधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये प्लॅटफॉर्मचा रकाना लावला की प्रोग्राम ३२ बिटचा आहे का ते दिसतं. आणि आठ लॉजिकल प्रोसेसरच्या (विंडोज ज्यांना वेगवेगळे प्रोसेसर म्हणून मोजतं त्यांच्या) मशिनवर एखादा प्रोग्राम १२-१३ टक्क्यांवर ठाण मांडून बसला असेल, तर मशिन रिकामं आहे असं समजू नका. बहुधा त्यातला एक प्रोसेसर शंभर टक्के राबतोय.