रोल नंबरचा रकाना

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कटिंग येते ना येते तोच मॅडमने पिशवीतून चार पानी फॉर्म काढला. ती संख्याशास्त्र शिकवते, म्हणून कॉलेजच्या समितीने तपासायला तिच्याकडे दिलेला. 'विद्यार्थ्यांची अमली पदार्थांविषयी माहिती व दृष्टिकोन', एकूण 22 प्रश्न.

वकील पहिल्याच पानावर अडला. "वर रोल नंबर, खाली 'तुम्ही कधी गांजा ओढला आहे का?' कोण हो लिहील?"

"माहिती गुप्त राहील असं छापलंय."

"रोल नंबरच्या शेजारीच!"

केमिस्टचा आक्षेप वेगळा होता. "इथे नुसतं 'ड्रग्ज' लिहिलंय. परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीकडून अल्प्राझोलाम, म्हणजे भीती घालवायची गोळी, घेणारी मुलगी 'नाही'वर टिक करणार, आणि ती खोटंही बोलत नसेल. तिच्या लेखी ड्रग म्हणजे एमडी (मेफेड्रोन) नाहीतर गर्द (हेरॉइन). गोळी म्हणजे औषध." 2014 पासून अल्प्राझोलाम आणि अफूच्या जातीची कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. विकताना डॉक्टर, पेशंट, औषध, नग वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते 3 वर्षं जपायचं. ट्रामाडॉल तर 2018 पासून एनडीपीएस या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं. "म्हणून 'गेल्या 12 महिन्यांत डॉक्टरने तुम्हाला लिहून न दिलेली झोपेची, भीती घालवण्याची किंवा दुखण्याची गोळी घेतली का?' असं सरळ विचार."

भांगेचंही तेच. 2019 च्या राष्ट्रीय अहवालात वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे 2.8 टक्के निघाले, पण त्यात भांगवाले गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त. त्याच 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून भांग तिथून सुटते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यात अडकते. होळीची थंडाई आणि हॉस्टेलचा जॉइंट एकाच रकान्यात टाकलेत, तर 'दृष्टिकोन' कशाबद्दलचा ते कोणालाच कळणार नाही.

"कायद्याचा प्रश्न क्रमांक 9 काढून टाक," वकील म्हणाला. "'अमली पदार्थ बाळगणे गुन्हा आहे का?' याला शंभर टक्के हो येणार. पोरांचं चुकतं ते वजनात." अल्प प्रमाणाची मर्यादा गांजाला 1 किलो, चरसला 100 ग्रॅम, एमडीला फक्त 2 ग्रॅम. 'अल्प' म्हणजे माफ असा समज सर्रास आहे; प्रत्यक्षात शिक्षा कमी होते, गुन्हा राहतोच. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीसकट पूर्ण पुडीचं वजन धरतात. चौघांनी कॉन्ट्री काढून एकाला आणायला पाठवलं, तर त्याच्या खिशात चौघांचं वजन असतं. हे त्या एकाला कोणी सांगितलेलं नसतं.

डॉक्टर इतका वेळ गप्प होता. त्याने शेवटचं पान उलटं केलं आणि मागे स्वतःच प्रश्न लिहिला: मित्र घोरतोय, हलवलं तरी उठत नाही, ओठ निळसर पडलेत. काय कराल? लिंबूपाणी, थंड अंघोळ, झोपू देणं, की 108?

"पहिले तिन्ही पर्याय जीव घेऊ शकतात," तो म्हणाला. असं घोरणं ही गाढ झोप नसते, घसा मिटत आलेला असतो. तोंडात घातलेलं लिंबूपाणी फुप्फुसात जातं. छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोरात रगडायचं. तरी जागा झाला नाही पण श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, मान किंचित मागे, तोंड जमिनीकडे. 108 लावायचा. काय घेतलं, कधी, दारू सोबत होती का, हे जसंच्या तसं सांगायचं. गर्द किंवा कोडीन अशी अफूच्या जातीची नशा असेल तर तिच्यावरचा उतारा, नॅलोक्सोनचं इंजेक्शन, श्वास परत आणतं. पण त्याचा असर अनेकदा नशेआधी उतरतो, म्हणून 'बरा झाला' म्हणत तासाभरात घरी न्यायचं नाही. एमडीवर आणि अल्प्राझोलामवर ते चालत नाही. एमडीत तर अंग तापतं, छाती धडधडते. तिथे गार करायचं, चौघांनी मिळून दाबून धरायचं नाही.

"आणि पोलिस?" मॅडमने वकिलाकडे पाहिलं.

"रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ वाचवतं. ओव्हरडोसमध्ये तसं कलम नाही. एनडीपीएसचं 64-अ आहे, पण ते स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसासाठी."

"म्हणजे 108 हे उत्तर ठाऊक असूनही पोरं फोन करणार नाहीत. मग तेच विचारा. 'फोन करायला कशाची भीती वाटेल?'" डॉक्टर.

आता मॅडमची पाळी. खरा आकडा काढायचा तर नाणं. प्रत्येकाने आपापलं उडवायचं, कोणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर डोळे मिटून 'हो', काटा पडला तर खरं उत्तर. 200 जणांत 118 'हो' आले, तर अंदाजे 100 छाप्याचे. उरले 18, काट्याच्या 100 पैकी. म्हणजे 18 टक्के.

"वा!"

"वा कसलं? छापा दरवेळी बरोब्बर 100 पडत नाही. 200 वर ते 18 म्हणजे 4 पासून 32 पर्यंत काहीही. 2000 पोरं मिळाली तर चारपाच टक्क्यांची चूक. त्यात छापा पडूनही घाबरून 'नाही' लिहिणारे असतातच."

"बढाया मारणाऱ्यांचं काय?" केमिस्टने विचारलं.

त्याला युरोपातल्या शाळकरी मुलांच्या 'एस्पॅड' व्यसन-सर्वेक्षणाची युक्ती: यादीत 'रेलेव्हिन' असं अस्तित्वातच नसलेलं नाव घुसडतात. ते 'घेतलंय' म्हणणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांवरही मग जपून भरवसा ठेवायचा.

"आपलं खोटं नाव काढताना मला दाखव," केमिस्ट म्हणाला. "कुठल्या खऱ्या गोळीसारखं निघालं तर दुकानात मागायला येतील."

मॅडमने रोल नंबरच्या रकान्यावर काट मारली. मग थबकली. "समितीला हजेरी हवीय."

"हजेरीचा कागद वेगळा फिरव," वकील म्हणाला. "आणि फॉर्म पेटीत. पेटी दाराबाहेर ठेव, सरांच्या टेबलावर नको."