साठ रुपयांची वाटी आणि बावीस हजारांचा चुना

डोकं फिरलंय नुसतं. बावीस हजार चारशे. कशाचे, तर पत्र्याच्या एका वाटीचे, जी दुकानात साठ रुपयाला मिळते, पूजेत हळदीकुंकू ठेवतात ना तेवढीशी, दीड इंचाची पण नाही धड.

वेल्च प्लग म्हणतात त्याला, गॅरेजमध्ये वेलप्लग. इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा आत पाणी फिरायला पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे कोअर, म्हणजे वाळूचे ठोकळे, बसवतात, ते कोअर धरायला आणि नंतर वाळू झाडून काढायला ब्लॉकच्या भिंतीत गोल भोकं ठेवावी लागतात, आणि मग ती भोकं मशीन करून त्यात हे प्लग दाबून बसवतात. ना आटे, ना बोल्ट, नुसती प्रेस फिट. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे, कास्टिंग, म्हणजे असे ओतलेले भाग, रोज हाताखालून जातात, त्यामुळे हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मीच फसलो, त्याचाच जास्त राग आहे.

झालं असं की ऑक्टोबरपासून गाडीचं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं ते रंगीत पाणी, कमी व्हायला लागलं. अकरा वर्षं जुनी डिझेल गाडी, तक्रार कधी नाही. दर आठ दिवसांनी बाटली मिनिममच्या खाली. खाली फरशीवर मात्र थेंब नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला वॉटर पंप. पाच हजार दोनशे. आठ दिवसांनी परत बाटली खाली. मग म्हणाला रेडिएटरची कॅप, दाब धरत नाहीये. चारशे. परत तेच. मग काय, हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधलं पॅकिंग! हेड उतरवू, फेसिंग करू, अठरा हजार धरून चला साहेब. अरे पण ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, बाटलीत बुडबुडे नाहीत, कशावरून हेड गॅस्केट? तर म्हणे अनुभव आहे. बरं, प्रेशर टेस्टर आहे का? रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, दाब द्यायचा, काटा उतरतोय का बघायचा आणि टॉर्च घेऊन गळती शोधायची, एवढंच असतं ते. नाही म्हणे, त्याची गरजच पडत नाही. कशी पडेल, लोक आहेत ना पंप बदलून घ्यायला.

त्यात एका रविवारी मुंबईहून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. बायको, दोन पोरं, मागून ट्रेलर हॉर्न मारतायत, बाजूला घेऊन पाऊण तास उभे. मागून एक काका आले आणि गरम रेडिएटरची कॅप उघडायला निघाले. मी ओरडलोच त्यांच्यावर. नंतर सॉरी म्हटलं, पण ती कॅप उघडली असती तर उकळतं पाणी थेट तोंडावर आलं असतं.

शेवटी वडाळा नाक्याकडे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी वास घेतला. खरंच, बोनेट उघडून नुसता वास घेतला, म्हणाले गोड वास येतोय, बाहेरच कुठेतरी जातंय. मग टेस्टर लावला, दाब दिला, आणि आरसा घेऊन खाली झोपले. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खालच्या बाजूने तांबूस हिरवा ओघळ, वाळलेला. म्हणाले, भाऊ, वेलप्लग आहे, फ्लायव्हीलच्या मागचा. फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं जड चाक. तेव्हा सगळं लक्षात आलं, थेंब आतल्या आत पडत होते आणि गरम लोखंडावर सुकत होते, फरशीवर काय येणार.

फ्लायव्हीलच्या मागचा! साठ रुपयांच्या वाटीपर्यंत पोचायला गाडी वर उचला, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच सेट पण टाकून घ्या, हे आलंच. बरोबर पण आहे ते, नाही टाकला तर सहा महिन्यांनी परत तेवढीच मजुरी. पण राग येतोच ना राव. आणि तो प्लग साध्या पत्र्याचा, पितळेचा टाकला असता तर असा गंजून भोक पडलं नसतं, किती पैसे वाचले असतील कंपनीचे एका गाडीमागे?

चाचा नमाजला गेले आणि इकडे त्यांच्या पोराने घोळ घातला. प्लग काढायची पद्धत अशी की एका कडेला पंच ठेवून हलकेच ठोकायचं म्हणजे तो भोकात आडवा फिरतो, मग पक्कडीने धरून बाहेर ओढायचा. ह्या पठ्ठ्याने मधोमध छिन्नी लावून असा घाव घातला की प्लग आत. गेला वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत. टुंग्ग आवाज आला, मी ऐकला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग म्हणतो राहू द्या ना साहेब आत, काय होतंय. काय होतंय?? पाण्याच्या वाटेत लोखंडाची वाटी पडून राहणार आणि हा म्हणतो काय होतंय. दोन तास चुंबकाच्या काडीने मासे पकडल्यासारखं चाललं, सापडायची, भोकाच्या तोंडाशी यायची आणि आडवी होऊन परत आत पडायची. निघाली तेव्हा मी हातात घेतली. बाहेरून बरी दिसत होती. आतून बोटाने दाबलं तर पापडासारखा चुरा झाला, आणि मध्ये टाचणी जाईल एवढं भोक. एवढंच. एवढ्या भोकातून माझे दोन महिने गेले.

मग नवीन प्लग. दुकानदाराने दिलेला मी व्हर्निअरने मोजला तर भोकापेक्षा बारीक! म्हणे जवळपास तोच आहे, सीलंट जास्त लावा, बसून जाईल. अहो दादा, प्रेस फिट आहे ही, प्लग भोकापेक्षा किंचित मोठाच पाहिजे, नाहीतर धरणार कशाला धरून, तुमच्या शब्दाला? तीन दुकानं फिरलो. सातपूर-अंबडमध्ये मायक्रॉनमध्ये जॉब काढणारी हजारो माणसं रोज शिफ्टला जातात आणि त्याच गावात मला बरोबर मापाची पत्र्याची वाटी मिळायला दीड दिवस लागतो.

बसवायचं काम मात्र चाचांनी स्वतः केलं. भोक पॉलिश पेपरने चकचकीत केलं, ओरखडा राहू दिला नाही, कडेला पातळ सीलंट, आणि वाटीच्या आत बसेल असा सॉकेट घेऊन हातोडीने थोडं थोडं, चारही बाजूंनी बघत, सरळ. दहा मिनिटं. बघायला बरं वाटलं खरं. बाजूचे चार पण बदलले, ते पण मरायलाच टेकले होते.

आणि हे मरतात कशाने, तर पाण्याने, आणि तो गुन्हा आमच्याच घरातला आहे. दर सर्व्हिसला मी कूलंट टाकायला सांगायचो आणि मधल्या काळात आमचे पप्पा बाटली खाली दिसली की बोअरचं पाणी ओतायचे. ज्या पाण्याने आमच्या गीझरची कॉइल वर्षभरात पांढरी फटक होते ते पाणी! विचारलं तर म्हणतात आम्ही जीपमध्ये नदीचं पाणी टाकून सप्तशृंगी गडावर जायचो, काही झालं नाही. पप्पांना काय बोलणार. पण गॅरेजवाले तर ह्याच धंद्यातले ना? त्यांचं पण तेच, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, पाणी चालतं. अरे बर्फाचा संबंधच काय, निफाडला पारा उतरून द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या तरी इंजिनात बर्फ होत नाही हे मलाही कळतं. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर केलं की ते उणे पस्तीसच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही हे ठीक आहे, पण आपल्याला ते हवंय त्यातल्या गंज रोखणाऱ्या केमिकलसाठी, ते पण काही वर्षांत संपतं म्हणून बदलायचं असतं. आणि ह्या प्लगला फ्रीज प्लग म्हणणारे पण भेटले, पाणी गोठून फुगलं की हा बाहेर उडून ब्लॉक वाचवतो म्हणे. कधीतरी उडत असेलही, पण भोक आहे ते वाळू काढायला, ब्लॉक वाचवायला नाही, प्लग जागेवर राहून ब्लॉकला तडा गेलेला पण असतो.

हिशेब सांगतो. वाया गेलेला पंप आणि कॅप पाच हजार सहाशे, मजुरी साडेसात हजार, क्लच सेट सात हजार तीनशे, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर आणि किरकोळ सतराशे. आणि पाच प्लग मिळून तीनशे रुपये. तीनशे!

आता रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो. शेजारचे हसतात, हसू द्या. काल सकाळी पुठ्ठ्यावर एक ओला डाग होता, रुपयाएवढा. चाचांना फोन केला तर शांतपणे म्हणाले, एसीचं पाणी असेल भाऊ.

डिसेंबर चालूय. नाशकात सकाळी स्वेटर काढवत नाही अंगातून, एसी कोणी लावला?